टाकीचं इरलं

साडू, तुमची मोटार चालू झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं भांडण निवांत करता येईल. काल सकाळी मी आणि सुमन तुमची बोट घेऊन पलीकडच्या काठाला गेलो. वाटेत मोटार एकदाच बंद पडली, आणि पुन्हा चालू झाली ती काही केल्या थांबेना. तुम्ही असतात तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, "मी म्हनलं न्हवतं?" तुम्ही काय म्हणाला होतात ते माझ्या पक्कं लक्षात आहे आणि ते साफ चूक होतं. मी म्हणत होतो तेही चूक होतं. पण त्याच्याकडे नंतर येतो, कारण तिथवर यायचा मला अजून धीर होत नाही.

तुमचं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. इतके दिवस मी तुमच्या ओसरीवर बसून लोकांचं ऐकत होतो. काय शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी कुणाला उलटून बोलला नाही. उठून सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, या माणसानं एका मोटारीपायी पावणेदोन वर्षं माझं डोकं पिकवलंय आणि शेवटपर्यंत माघार घेतलेली नाही. पण सुतकाच्या घरात असं बोलत नाहीत. शालननं माझं तोंड बघूनच ओळखलं असणार. तीस वर्षांचा संसार आहे आमचा. तिनं हातात चहाचा कप दिला आणि मला गप्प केलं.

तीस वर्षं तुमच्याशीही मी भांडतोच आहे, आणि तेही अहो-जाहो करून. आपल्या बायका, शालन आणि सुमन, सख्ख्या बहिणी, त्यामुळे अरे-तुरेवर यायची सोय नव्हती. मी तळेगावच्या शाळेत गणित शिकवणारा, तुम्ही तिकोणा पेठेच्या अलीकडच्या गावातले शेतकरी. तुम्ही मला मास्तर म्हणायचात, आणि त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती याचा हिशेब मला कधी लागला नाही. घराच्या पायऱ्या कुठल्या दिशेला असाव्यात इथपासून आमटीत गूळ घालावा की नाही इथपर्यंत आपण भांडलो. माझं एक म्हणून ऐकलं नाहीत. ही तक्रार मी शालनकडे इतक्या वेळा केली आहे की ती आता मान वर करूनही बघत नाही.

धरण झालं तेव्हा तुमच्या वडलांचं निम्मं रान पाण्याखाली गेलं. उरलं ते दोन तुकड्यांत, घर या काठाला आणि भाताची खाचरं त्या काठाला. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धी सकाळ मोडते. पाण्यातून गेलं तर अर्धा तास. म्हणून तुमच्याकडे पहिल्यापासून होडी होती, आणि ती तुम्ही हातानं वल्हवायचात. मग दोन वर्षांपूर्वी तुमच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावून सांगितलं की वल्ही बंद, जड उचलणं बंद. तुम्ही मान हलवलीत. तुमच्या मान हलवण्याचा अर्थ मला माहीत होता. म्हणून मीच लोणावळ्याला एका बोटिंगवाल्याकडे गेलो. तो धंदा गुंडाळत होता. त्याच्याकडून ही जुनी मोटार उचलली आणि दिवाळीनंतर तुमच्या बोटीच्या मागे लावली. तुम्ही पुढचे आठ दिवस तिच्याकडे बघितलं नाहीत. नवव्या दिवशी सुमनचा फोन आला की हे सकाळपासून पाण्यातच आहेत, जेवायलाही आले नाहीत.

हिवाळाभर आणि उन्हाळाभर मोटार सुरेख चालली. हे आपण दोघंही पुढे सोयिस्करपणे विसरलो.

पहिल्या पावसात ती बंद पडली. त्या रविवारी मी आलो, बोटीत मोटारीशेजारी वेगळी ठेवलेली पेट्रोलची टाकी कलती केली आणि तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तुमच्यासमोर धरलं. खाली पाणी स्पष्ट दिसत होतं. टाकीच्या झाकणावर हवेसाठी जो बारीक स्क्रू असतो, तो सैल होता आणि पावसाची धार नेमकी तिथूनच आत जात होती. त्या दिवशी मी बरोबर होतो. साडू, तीस वर्षांत पहिल्यांदाच तुमच्यासमोर मी पुराव्यानिशी बरोबर होतो, आणि ते माझ्या डोक्यात गेलं. मी म्हणालो, टाकीवर थेंब पडता कामा नये. पुढच्या रविवारी आलो तर टाकीला इरलं घातलेलं.

इरलं हा तुमचाच शब्द. खताच्या पोत्याच्या आतलं जाड प्लास्टिक कापून तुम्ही ते झाकणावरून खालपर्यंत ओढलं होतं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं गच्च आवळलं होतं. मावळातल्या माणसाला पावसाळ्यात दुसरं सुचत नाही. मोबाइल पिशवीत, काडेपेटी पिशवीत, रेशनकार्ड पिशवीत, आणि माणूस स्वतः इरल्यात. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर असतं तसं ते टाकीच्या पाठीवर बसलं होतं. मी खूश झालो. तुम्ही माझं ऐकलं होतंत.

त्यानंतर मोटार वेगळ्याच तऱ्हेनं मरायला लागली. सुरुवातीला झकास चालायची आणि बारा-तेरा मिनिटांनी, पाण्याच्या ऐन मध्यावर, तीनदा खोकून बंद. मग तुम्ही प्लग काढायचात, सदऱ्याच्या टोकानं पुसायचात, फुंकायचात, आणि पुटपुटायचात की ठिणगी पडत नाही. तेवढ्यात मी इरलं सोडून टाकीचं झाकण उघडायचो, आत पाणी शिरलंय का बघायचो आणि पुन्हा सगळं बांधून ठेवायचो. मग तुम्ही दोरी ओढायचात आणि मोटार चालू व्हायची. तुम्ही माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघायचात, मी तुमच्याकडे. मोटार दहा मिनिटांनी पुन्हा मरायची.

आता मागं वळून बघताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. उपाय दर वेळी माझ्या हातात होता. झाकण उघडत होतो, मोटार चालू होत होती, आणि मी स्वतःच्या हातानं झाकण लावून त्यावर प्लास्टिक आवळत होतो. मुलांना मी शिकवायचो की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, म्हणजे कशानं काय होतं ते कळेल. तुम्ही प्लग पुसत होतात आणि मी टाकी उघडत होतो, दोन्ही एकाच वेळी, आणि श्रेयावरून आपण भर पावसात धरणाच्या मध्यावर भांडत होतो.

सोमाटण्याच्या मेकॅनिककडे गेलो होतो ते आठवतं? मोटार पिकअपमध्ये घातली, तुमच्या गोधडीत गुंडाळून. टाकी मात्र घरी ठेवली. पावसात तिची हलवाहलव नको, असं मीच म्हणालो होतो. मेकॅनिकनं मोटार पाण्याच्या पिंपावर चढवली, स्वतःच्या कॅनमधलं पेट्रोल जोडलं आणि ती अर्धा तास बोलत राहिली. एकदाही खोकली नाही. त्यानं विचारलं, टाकी नाही आणली? मी म्हणालो, टाकीची काळजी नको, ती मी जातीनं बंद करून घेतलीय. त्यानं मोटार पिंपावरून उतरवली. परतीच्या वाटेवर मी तुम्हाला समजावत होतो की बघा, त्याचं पेट्रोल कोरडं होतं. तुम्ही मला समजावत होतात की इथं आडोसा आहे, हवा कोरडी, म्हणून ठिणगी पडते. घर येईपर्यंत आपापल्या म्हणण्यावर दोघांचा विश्वास दुप्पट झाला होता.

मग तुम्ही प्लग बदललात. मग वायर बदललीत. मोटार बंद करायचं ते तांबडं बटण, त्यातच काहीतरी एकमेकांना चिकटतंय असं ठरवून त्याची वायरच तोडून टाकलीत. मी विचारलं, आता बंद कशी करणार?

"मास्तर, हिला बंद करायची गरज कधी पडलीया?" तुम्ही म्हणालात.

हे उत्तर मला तेव्हा लागलं होतं. पेट्रोलच्या नळीला तुम्ही दोन्ही टोकांना इतक्या क्लिपा आणि इतकी चिकटपट्टी लावलीत की ती पुन्हा निघेल अशी आशा राहिली नाही. आणि मी काय केलं? मी म्हणालो, इरलं एकेरी आहे, पाणी झिरपत असणार, दुसरं घाला. तुम्ही दुसरं घातलंत. बारा मिनिटं चालणारी मोटार आठ मिनिटांत मरायला लागली. गणिताच्या मास्तराला हे कळायला हवं होतं की नको?

थंडी आली, इरली निघाली, बटणाची वायर तुम्ही तेवढ्यापुरती जोडलीत, मोटार पुन्हा शहाण्यासारखी चालली. आपण दोघांनी ठरवलं की ती आता सुधारली.

यंदा पाऊस लागला आणि तुम्ही दोन्ही इरली पुन्हा चढवलीत, बटणाची वायर पुन्हा तोडलीत. शाळेतून निवृत्त झालो असलो तरी शिकवण्या असल्यामुळे मला रविवारशिवाय जमत नव्हतं. रोज संध्याकाळी तुमचा फोन यायचा. आज इतक्या मिनिटांनी मेली. आज दोनदा मेली. पुढं काय केलं ते तुम्ही सांगायचा नाहीत आणि मी विचारायचो नाही. तिथं तुमच्याबरोबर मी नव्हतो. भर पावसात एकट्यानं टाकी उघडायची तर आत पाणी जाणार, आणि मास्तरानं तर सांगून ठेवलेलं की थेंब जाता कामा नये. तुम्ही वल्ही काढत होतात. मला माहीत होतं, साडू. वल्ही बोटीत आहेत हे मला माहीत होतं आणि तुम्ही पाण्याच्या मध्यावर हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतले नाहीत हेही माहीत होतं.

शेवटचा फोन झाला त्या संध्याकाळी तुम्ही चिडलेले होतात. खाचरं चिखलून झाली होती, रोपं लावणीला आली होती आणि मोटार आठ मिनिटंसुद्धा चालत नव्हती. तुम्ही म्हणालात की ही भंगारात घालतो आणि पुन्हा वल्ही घेतो. मी वैतागलो. डॉक्टर काढला, अँजिओप्लास्टी काढली, तुमचा आडमुठेपणा काढला. तुम्ही नुसते हूं हूं करत होतात. शेवटी मी म्हणालो, आणखी एक पिशवी घाला. आणि फोन ठेवला.

तुमच्याशी बोललेलं माझं ते शेवटचं वाक्य. लोकांची शेवटची वाक्यं काय काय असतात, आणि माझं हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रानातून आलात, ओट्यावर टेकलात, सुमनकडे चहा मागितलात, आणि चहा उकळायच्या आत गेलात. तुमचे तळहात सोलवटले होते, हे सुमननं मला नवव्या दिवशी सांगितलं. तिनं ते सहज सांगितलं. तिला माहीत नव्हतं की ती मला काय सांगतेय.

काल सकाळी ती मला म्हणाली की दाजी, रोपं पिवळी पडायला लागली असतील, बघून येऊ. सुतकात लावणीला हात लावता आला नव्हता. वाडीतल्या बायका सावडीनं, एकमेकींच्या कामाच्या फेडीवर, यायला तयार होत्या, पण रोपं लावण्यासारखी राहिलीत का हे आधी कुणीतरी बघायला हवं होतं. यंदाचं भात गेलं असतं तर तिच्या हातात तुमच्या माघारी त्या रानातलं काहीच आलं नसतं. मी म्हणालो, जीपनं जाऊ. ती म्हणाली, त्यांची बोट असताना? मी बोटीकडे निघालो.

पाऊस बारीक होता. टाकीवर तीन इरली होती. तिसरं नवं कोरं होतं, निळं, त्याची पट्टीही नवी होती. माझ्या फोननंतर तुम्ही त्याच रात्री ते बांधलं असणार. मी ते बघितलं आणि दोरी ओढली.

सहाव्या मिनिटाला मोटार खोकली आणि मेली. मी घाईघाईनं प्लग काढायला गेलो. तुमच्यासारखा मला तो काढता येत नाही, पाना सटकला, बोट सोललं. मी तुमच्यावर चिडलो, मोटारीवर चिडलो, लोणावळ्याच्या त्या माणसावर चिडलो. सुमन माझ्या मागं टाकीजवळ बसली होती. तिनं टाकीवर हात ठेवला.

"दाजी, ही आशी पोट आत घेतल्यावानी का दिसती?"

मी वळून बघितलं. टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. तिनं पट्ट्या सोडल्या, एकामागून एक तिन्ही इरली काढली आणि झाकण फिरवलं. टाकीनं मोठा श्वास घ्यावा तसा आवाज झाला, आणि बाजू डब् करून पूर्ववत बाहेर आल्या. मी पाना हातात धरून तसाच बसलो.

"तेलाच्या डब्याला आपन दोन भोकं पाडतो का न्हाई?" ती म्हणाली. "येकाच भोकानं तेल कुटं येतं?"

झालं. तुमची ठिणगी नाही आणि माझं पाणी नाही. पेट्रोल ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी यायला हवा नव्हती. हवेच्या स्क्रूवर मी तीन इरली घालायला लावली होती. जितकी जास्त घालायला लावली, तितकी मोटार लवकर मरत होती, आणि तितका लांबचा पल्ला तुम्ही वल्हवत होतात. घरात तेलाचा डबा फोडणाऱ्या बाईला जे एका नजरेत कळलं, ते आपण दोघांनी दोन पावसाळे तिला कधी विचारलंच नाही. तिला बोटीतच घेत नव्हतो, वजन वाढतं म्हणून.

मी तिला सांगितलं. पाण्याच्या मध्यावर, तिच्याकडे न बघता, सगळं सांगून टाकलं. इरली घालायला मीच लावली. शेवटचंही मीच. निळं प्लास्टिक तिच्या मांडीवर होतं, त्याची ती घडी घालत होती.

मग म्हणाली, "त्यांनी जल्मात कुनाचं आयकलं न्हाई, दाजी. डॉक्टरचं न्हाई, माजं न्हाई. तुमचं तेवढं आयकलं."

तिला मला धीर द्यायचा होता की दोष, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. पण साडू, तीस वर्षं मी ऐका हो ऐका म्हणत होतो, आणि तुम्ही माझं एकच ऐकलंत, तेही हे. ते निळं इरलं तरी घालायचं नव्हतंत. नेहमीसारखं मास्तरचं डोकं फिरलंय म्हणून झोपला का नाहीत? माझं चुकलं. हे तुम्हाला मी जन्मात म्हटलं नसतं, तुम्हीही ऐकून घेतलं नसतंत, काहीतरी टोमणा मारून विषय आमटीवर नेला असतात. आता ऐकावं लागेल. माझं चुकलं.

दुसऱ्या ओढीला मोटार चालू झाली. काठ जवळ येत गेला, मोटार बोलतच होती. खोकेल, आता खोकेल म्हणून मी वाट बघत होतो. रोपवाटिका दिसायला लागली, हिरवी होती, थोडी शेंड्याला पिवळी, पण लावण्यासारखी. सुमननं तोंडावर पदर धरला. बोट चिखलाला टेकली, मी गिअर काढला, तिनं तुमच्या खुंटाला दोर बांधला. आणि मोटार चालूच.

तांबडं बटण दाबलं. त्याची वायर तुम्ही तोडलेली. नळी उपसायला गेलो तर तुमच्या क्लिपा आणि तुमची चिकटपट्टी. पावसाळ्यात ही मोटार बंद करायची वेळ आपल्यावर कधी आलीच नव्हती. ती आपली आपण मरायची. तुम्ही गेलात आणि जाताना मला थांबता न येणारी मोटार ठेवून गेलात. असा संताप आला की तुमच्या नावानं, अहो-जाहोतच, मोठ्यानं चार शब्द बोललो. पलीकडच्या बांधावरची बगळ्यांची रांग उडाली. सुमन हसली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

मग तिनं झाकण आवळलं, ते निळं इरलं उलगडलं, टाकीवर घातलं आणि पट्टी बांधली. दुसरं घातलं. तिसरं घातलं. आम्ही समोरासमोर बसून राहिलो. पाऊस तसाच बारीक पडत होता. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. टाकीचं पोट हळूहळू आत गेलं, मोटार तीनदा खोकली, आणि तुमच्या वेळी मरायची तशीच मेली.

एकदम शांत झालं. मी सवयीनं वल्ह्याला हात घातला.

"दाजी, ऱ्हाऊ द्या," सुमन म्हणाली. "काठाला आलोय आपन."